गरम झाली की बंद पडणारी जुनी बुलेट : पॉइंट-कंडेन्सरचं काम घरीच करा

एप्रिल-मे लागला की आपल्याकडे जुन्या बुलेटवाल्यांची एकच तक्रार, "भाऊ, गाडी तपनी का बंद पडस". सकाळी एका किकमधे चालू, गावात मस्त चालते, पण चाळीसगावहून कन्नड घाट चढायला लागली की मिसिंग मारते, सायलेन्सरमधून फटाके, आणि बंद. झाडाखाली अर्धा तास उभी केली की परत चालू. मग लोक कार्बोरेटर खोलतात, जेट फुंकतात, टाकी धुतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी परत तिथंच उभी. थंड असताना चांगली नि तापल्यावर बंद पडत असेल तर आधी कंडेन्सर बघा, मग कॉइल, कार्बोरेटरला शेवटी हात लावा.

हे सगळं पॉइंटवाल्या गाड्यांचं आहे (पॉइंट म्हणजे इंजिनबरोबर उघडझाप करून कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे दोन छोटे संपर्क). हिरो होंडा सीडी १००, स्प्लेंडरला पॉइंट नसतात, सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) असतं, तिथं यातलं अर्धं लागू नाही. आणि आकडे १२ व्होल्टच्या ३५० बुलेटचे देतोय, राजदूत-येझदीवाल्यांनी आपापल्या गाडीचे बघून घ्या.

होतं काय की पॉइंट बंद (म्हणजे एकमेकांना टेकलेले) असताना कॉइलमधून करंट वाहतो, पॉइंट उघडले की तो तुटतो आणि त्याच क्षणी कॉइल प्लगला हजारो व्होल्ट फेकते. करंट झटक्यात तुटला पाहिजे, ते काम कंडेन्सरचं. तो आतून खराब व्हायला लागला की ठिणगी पॉइंटवरच उडते आणि प्लगला काही उरत नाही. थंड असताना कसाबसा टिकतो, पण बाहेर ४४ डिग्री आणि इंजिन बाजूलाच भट्टीसारखं, तिथं तो हात टेकतो.

म्हणून चेकिंग गाडी बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच करायचं, घरी आणून थंड करून बघाल तर सगळं ओकेच दिसणार. प्लग काढा, कॅपमधे बसवा, प्लगची बॉडी हेडला टेकवा पण प्लगच्या भोकापासून लांब (आतून पेट्रोलची वाफ येते, भडका उडू शकतो), आणि किक मारा. निळी, टक्-टक् आवाज करणारी ठिणगी पाहिजे. पिवळी, बारीक, मधेच गायब होणारी असेल तर पॉइंटच्या डब्याचं झाकण काढून कुणाला तरी किक मारायला लावा आणि पॉइंटकडे बघा. बारीकशी ठिणगी चालते, पण वेल्डिंगसारखा लख्ख निळा-पांढरा उजेड पडत असेल तर कंडेन्सर गेला, दुसरं काही शोधत बसू नका.

अजून एक फुकटचं मीटर हेडलाइटवर बसलेलंच आहे, त्याच्याकडे कुणी बघतच नाही. चावी ऑन करा, डीकॉम्प्रेसर (इंजिनचं कॉम्प्रेशन सोडणारा खटका) दाबून किक हळूहळू खाली न्या. पॉइंट बंद होतात तेव्हा अँपिअर मीटरचा काटा डावीकडं जातो, उघडले की मधे येतो. काटा हललाच नाही तर बॅटरी, फ्यूज, तुटलेली वायर नाहीतर काळे पडलेले पॉइंट. डावीकडंच अडकून बसला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर नाहीतर वायर कुठंतरी बॉडीला शॉर्ट आहे. मीटरच बंद असेल तर काय करणार, टेस्ट लॅम्प लावा.

आता काम. चावी ऑफ. पॉइंटवर खड्डा-टेकडी झाली असेल तर बारीक पॉलिश पेपरनं घासा, खड्डा खोल असेल तर नवेच टाका, घासून घासून काही दिवस जातील फक्त. घासल्यावर पेट्रोलमधे भिजवलेला कोरा कागद मधून ओढा, मग कोरडा ओढा, कागद काळा यायचा थांबला पाहिजे. मग किकनं इंजिन फिरवून पॉइंट जास्तीत जास्त उघडतील तिथं आणा आणि फिलर गेजनं (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) ०.३५ ते ०.४० मिमी गॅप ठेवा. पॉइंट उघडणाऱ्या कॅमला ग्रीस अगदी बोटाला लागेल एवढंच, जास्त लावलं की उडून पॉइंटवर बसतं.

कंडेन्सर एका स्क्रूवर असतो, बदलणं सोपं, पण नवा टाकला म्हणजे चांगलाच असं धरून चालू नका, डुप्लिकेट माल लई आहे. बरेच जण तो डब्यातून काढून टाकीखाली कॉइलजवळ लावतात, वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला आणि बॉडी पक्क्या अर्थिंगला. तिथं इंजिनची धग कमी लागते, आपल्या उन्हाळ्यात मला तेच बरं वाटतं.

गॅप बदलला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पण हलतं, हे बरेच जण विसरतात. कॉम्प्रेशनवर पिस्टन टॉपला यायच्या ०.८ मिमी आधी पॉइंट नुकतेच उघडायला पाहिजेत. सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमधे धरून हलका ओढत राहा, सुटला तोच क्षण. टायमिंग लवकर झालं तर किक उलटी येते आणि घोटा सांगतो, उशिरा झालं तर गाडी ओढत नाही नि जास्तच तापते.

एवढं करूनही तापल्यावर ठिणगी मरत असेल तर कॉइल. गरम असतानाच मल्टिमीटरनं प्रायमरी (कॉइलचं बॅटरीच्या बाजूचं वेटोळं) मोजा, साधारण ३ ते ५ ओहम येतं, ओपन (आतून तुटलेली) दाखवलं तर बदला. आणि इंजिन बंद करून चावी ऑन ठेवायची सवय सोडा, पॉइंट बंद जागी थांबले असतील तर कॉइल नुसती तापत राहते आणि बॅटरी पण बसते.

ट्रायल सकाळच्या गारव्यात घेऊ नका. दुपारी दोनला यावल-फैजपूर रोडला चांगली तापवा, मग बंद करून दहा मिनिटं उन्हातच उभी ठेवा आणि किक मारा. चालू झाली तर काम झालं, तरी एक जास्तीचा पॉइंट-कंडेन्सर आणि छोटा स्क्रूड्रायव्हर टूलबॉक्समधे टाकून ठेवा, घाटात दुकान नसतं.