साखर कारखान्याच्या पाळ्या सांभाळून पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी.

प्रवेशाचा अर्ज उघडण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली घ्या आणि तुमच्या कामाचे बारा महिने त्यावर खुणा करून बघा. मी शिरोळ तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. आमचा हंगाम दिवाळीच्या मागेपुढे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पाळ्या पहाटे चार ते दुपारी बारा, बारा ते रात्री आठ, आठ ते पहाटे चार. मी इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, दूरशिक्षणानं पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी. केली. तिथल्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरला असतात. पहिल्या खेपेला मी उत्साहाच्या भरात डिसेंबरचे चार पेपर भरले. गाळप ऐन जोरात, रात्रपाळी पहाटे चारला सुटायची, तिथून घरी येऊन अंघोळ करून एसटीनं परीक्षेला जायचं. दोन पेपर गेले. अभ्यास झाला होता, झोप झाली नव्हती. परीक्षेचा अर्ज विषयागणिक भरायचा असतो आणि सगळे विषय एकाच खेपेला द्यायची सक्ती नसते, हे तोवर मी नीट वाचलंच नव्हतं. पुढचे जड विषय मी जूनसाठी राखले. तेव्हा कारखाना बंद असतो आणि लॅबमध्ये फक्त दुरुस्तीची खडखड असते. तुम्ही शिक्षक असाल तर तुमचं गणित याच्या उलटं निघेल, शेती असेल तर आणखी वेगळं. ते आधी मांडा.

विद्यापीठ निवडताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता त्या विद्यापीठाला आणि त्या नेमक्या अभ्यासक्रमाला, त्या नेमक्या सत्रासाठी आहे का. ही यादी आयोगाच्या संकेतस्थळावर असते. नुसतं विद्यापीठाचं नाव मोठं असून भागत नाही. १९८५ सालचं इग्नू आणि १९८९ सालचं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ ही दोन नावं आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत, पण त्यांच्याही बाबतीत ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीची यादी उघडून बघा. मान्यता असलेली दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, हे आयोगानं २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. मुलाखतीत कुणी नाक मुरडलं तर ते परिपत्रक फाइलमध्ये असू द्या.

अभ्यासाचे तास पहिल्याच दिवशी मोजा. इग्नूत एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १२० तास. मी रोज दीड तास आणि सुटीच्या दिवशी चार तास असं धरलं, तर एका विषयाला साधारण दोन महिने लागले. पुस्तकं छापील मिळतात, इग्नूच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट वाचताही येतात. मी दोन्ही वापरली: पाळीच्या मधल्या वेळेत मोबाईलवर, घरी कागदावर. माझी पुस्तकं इंग्रजीत होती. त्यासाठी एक दोनशे पानी वही केली. डाव्या बाजूला इंग्रजी संज्ञा देवनागरीत आणि उजवीकडे माझ्या भाषेत तिचा अर्थ. 'युट्रोफिकेशन'समोर लिहिलं होतं: खतांचं आणि सांडपाण्याचं नत्र-स्फुरद पाण्यात उतरतं, शेवाळ आणि केंदाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. रंकाळ्यावर पसरलेलं केंदाळ लहानपणापासून बघत आलो होतो, त्यामुळे ही ओळ परत पाठ करावी लागली नाही.

स्वाध्यायांबद्दल थोडक्यात. त्यांना ३० टक्के गुण आणि परीक्षेला ७० टक्के, आणि दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. हाती लिहून द्यायचे. मी ते दसऱ्याच्या आत संपवायचो, कारण बॉयलर पेटला की हातात पेन येत नाही. देण्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढा, पावती घ्या, पावतीचा फोटो काढा. पुस्तकातला मजकूर उतरवून काढू नका. प्रश्न हवेच्या प्रदूषणाचा असो की जैवविविधतेचा, एक तरी उदाहरण तुमच्या गावचं द्या. समंत्रक, म्हणजे केंद्रावरचे शिक्षक, असे शेकडो गठ्ठे तपासतात, त्यांना माणूस दिसतो.

आता मुख्य गोष्ट. पर्यावरणशास्त्र हा खोलीत बसून शिकायचा विषय नाही आणि दूरशिक्षणात कुणी तुम्हाला हाताला धरून बाहेर नेत नाही. प्रात्यक्षिकं केंद्रावर सलग काही दिवस होतात, तिथे हजेरी लागतेच. त्या दिवसांची रजा महिनाभर आधी मागून ठेवा. पण बाकीचं वर्ष हातात असतं. म्हणून चालत किंवा सायकलने जाता येईल अशी एकच जागा निवडा आणि पुस्तकातला प्रत्येक घटक तिथे नेऊन तपासा. तुमच्याकडे तलाव असेल, कचरा डेपो असेल, देवराई असेल. मी पंचगंगा निवडली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीला ती होते आणि आमच्याकडे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तिच्या या शेवटच्या टप्प्यात शहरांचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी आणि उसाच्या रानातून निथळलेलं खत असं सगळंच येतं. तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या आम्ही दरसाल वाचतो.

विरघळलेल्या प्राणवायूचा घटक मी या पाण्यावर शिकलो. लॅबमध्ये सांडपाणी तपासायचं साहित्य असतंच, साहेबांची परवानगी घेऊन ३०० मिलिलिटरच्या दोन कुप्या आणि रसायनं बरोबर नेली. कुपी पाण्याखाली धरून भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. घाटावरच मँगनीज सल्फेट आणि मग आयोडाइड-अझाइडचं अल्कली द्रावण, दोन्ही पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडायचं. बूच लावून कुपी उलटसुलट करायची. प्राणवायू असेल तर साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, तपकिरी बसतो. साका खाली बसला की तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालायचं, ते हातमोजे आणि चष्मा घालूनच. मग कुपी अंधारात ठेवून लॅबमध्ये आणायची आणि थायोसल्फेटनं टायट्रेशन करायचं, म्हणजे ते थेंबथेंब सोडून किती लागतं ते मोजायचं. २०० मिलिलिटर नमुना आणि ०.०२५ नॉर्मल तीव्रतेचं थायोसल्फेट घेतलं तर जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम प्रति लिटर, इतका सरळ हिशेब.

एका मार्चमध्ये रात्रपाळी संपवून पहाटे बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, साचलेल्या पाण्यात कुपी भरली. साका पांढरा बसला. पांढरा म्हणजे प्राणवायू नाही. मी बॅटरीच्या उजेडात ती कुपी तीन-चार वेळा बघितली. हजारो नमुने तपासलेत मी, पण तो नमुना आमच्या नदीचा होता. त्याच जागी दुपारी तीनला साका फिकट तपकिरी आला. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री सगळेच तो वापरतात, म्हणून पहाट ही माशांची सर्वात वाईट वेळ. शिवाय पाणी तापलं की त्यात प्राणवायू मावतोच कमी: २० अंशांना सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. उन्हाळा, अडवलेला प्रवाह आणि सांडपाणी एकत्र आले की मासे का मरतात, हे परीक्षेत मी पानभर न अडखळता लिहिलं.

तुमच्याकडे लॅब नसेल तर रसायनांच्या मागे लागू नका. साधा थर्मामीटर, पीएच पट्ट्या आणि पाणी किती गढूळ आहे ते मोजायची सेकी तबकडी पुरे. तबकडी घरी होते: २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती, चार भाग करून एकाआड एक काळे-पांढरे रंगवायचे, मध्ये वजन आणि खुणा केलेली दोरी. पाण्यात सोडताना चकती दिसेनाशी होते ती खोली लिहायची. दर पंधरवड्याला एकाच जागी, एकाच वेळी. पुरात नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी गाठायला लागलं की आमच्याकडे घाटाकडे फिरकायचंच नसतं, २०१९ चा महापूर बघितलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

स्वतःच्या आकड्यांना जोड म्हणून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरची नद्यांची आकडेवारी घ्या. ती वाचताना एक लक्षात ठेवा: बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू वापरतात त्याची, चाचणी आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवसांची असते, परदेशी पुस्तकांत २० अंशांना पाच दिवसांची. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात घालू नका. १९७४ चा जल कायदा, १९८१ चा वायू कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा मात्र मुळातून वाचा. कायद्याचा पेपर रुक्ष वाटतो, पण ग्रामसभेत उठून बोलायची वेळ येते तेव्हा कामाला येतो तो हाच.

प्रकल्पाचा विषय पहिल्या वर्षाच्या शेवटीच ठरवा आणि लहान ठेवा. 'पंचगंगेचं प्रदूषण' असा विषय दहा माणसांना पुरून उरेल. तेरवाड ते नृसिंहवाडी, तीन ठिकाणं, नोव्हेंबर ते मे, पहाट आणि दुपार, एवढाच माझा प्रकल्प होता. मार्गदर्शकांची सही आणि आराखड्याची मंजुरी हाती आल्याशिवाय पहिला नमुना घेऊ नका, नाहीतर हंगाम एक निघून जातो आणि पुढच्या नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागतं. नमुन्याच्या कुपीवरच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा, शाई ओल्या हातानं पुसली जाते.