नदीच्या प्रवाहाची एन्ट्रॉपी काढताय? या चुका टाळा

पायथॉनमध्ये दोन ओळी लिहिल्या की एन्ट्रॉपी, म्हणजे प्रवाह किती बेभरवशाचा याचं माप, मिळते, तिथेच सगळं बिघडतं. आकडा लगेच हातात येतो, मग मूळ नोंदी उघडून बघायचे कष्ट कोण घेतो?

सगळ्यात जुनं दुखणं समान आकड्यांचं. पर्म्युटेशन एन्ट्रॉपीत सलग तीन दिवसांचे आकडे घेतले, तर चढउताराचे सहा क्रम संभवतात. कोणता किती वेळा आला ते मोजायचं. पण एप्रिलमध्ये ७, ७, ७ क्यूमेक (सेकंदाला घनमीटर) असेल तर? बरेचसे कोड त्याला गुपचूप ‘चढता’ ठरवून मोकळे होतात. एक विद्यार्थी माझ्याकडे उड्या मारतच आला: नदी अलीकडे जास्त यादृच्छिक झाली, कारण जंगलतोड! प्रबंधाचं प्रकरणही लिहून तयार. मी मूळ नोंदी मागवल्या. आधीच्या वर्षांत प्रवाह पूर्णांकात लिहिलेला, नंतर दोन दशांश स्थळांपर्यंत. ७, ७, ७ च्या जागी ७.३१, ७.२८, ७.३३ आलं होतं, बस्स. नंतरचे आकडे पूर्णांकात आणले आणि जंगलतोड गायब झाली. समान आकड्यांत किंचित यादृच्छिक गोंगाट मिसळण्याचा तोडगा मला पटत नाही. उन्हाळाभर आपणच फासे टाकायचे आणि वर नदीला बेभरवशाची म्हणायचं!

सॅम्पल एन्ट्रॉपी सारखे दिसणारे तुकडे पुढेही सारखेच राहतात का ते बघते. तिच्यात सहनमर्यादा, म्हणजे किती फरकापर्यंत दोन आकडे सारखे मानायचे ती, प्रमाण विचलनाच्या ०.२ पट ठेवायची, हे सगळ्यांना पाठ. ती सवय हृदयाच्या ठोक्यांच्या अभ्यासातून आली. सह्याद्रीतल्या नदीचं प्रमाण विचलन चार पुरांनी ठरतं. ते ४०० क्यूमेक आलं तर मर्यादा ८०. डिसेंबर ते मे सगळा प्रवाह त्याखाली, म्हणजे प्रत्येक दिवस दुसऱ्यासारखाच. मी आधी लॉग घेते, मग प्रत्येक तारखेची सरासरी वजा करते. उरलेले आकडे पत्त्यांसारखे शंभरदा पिसून दरवेळी एन्ट्रॉपी काढते. खरी किंमत त्या शंभरांच्या गर्दीत हरवली, तर गप्प बसते.

गाळलेले दिवस सरळ रेषेने जोडू नका. ती रेघ तुमची, नदीची नाही.

जलशास्त्रज्ञ हर्स्टने नाईलसाठी वापरलेले आकडे वार्षिक होते. रोजच्या आकड्यांतून ऋतूंचा चढउतार न काढता त्याचा घातांक (जुन्या प्रवाहाचा प्रभाव किती टिकतो याचं माप) लावू नका.

आणि वरच्या अंगाला काय बांधलंय ते बघा. कोयनेचं पाणी पोफळीच्या जनित्रांतून वाशिष्ठीत उतरतं. तिच्या मे महिन्यातल्या प्रवाहाची गुंतागुंत मोजलीत, तर बरीचशी विजेची मागणीच मोजलीत.