कमी धावेच्या रेषीय ब्रशलेस मोटरचे रोध, इंडक्टन्स आणि बॅक ईएमएफ कसे मोजावे

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि तांब्याचा रोध अंशामागे सुमारे ०.३९ टक्के वाढतो; म्हणून मोजणीआधी गुंडाळीचे तापमान टिपावे. स्टार जोडणीत (तिन्ही फेज गुंडाळ्यांचे एकेक टोक एकत्र जोडलेले) दोन टोकांमधला रोध चार तारांच्या पद्धतीने (दोन तारांतून प्रवाह, दुसऱ्या दोनांवर व्होल्टेज) मोजून निम्मा करावा; तो एका फेजचा रोध. मग सरकता भाग जखडून त्याच टोकांना लहान डीसी व्होल्टेज एकदम द्यावे. प्रवाह अंतिम मूल्याच्या ६३ टक्क्यांवर पोहोचण्याचा वेळ गुणिले परिपथाचा एकूण रोध म्हणजे त्या टोकांमधले इंडक्टन्स. धावेच्या (सरकत्या भागाच्या प्रवासाच्या) अनेक ठिकाणी ते पुन्हा मोजावे.

खरी अडचण बॅक ईएमएफची, म्हणजे भाग सरकताना गुंडाळीत निर्माण होणाऱ्या व्होल्टेजची आहे. फिरती मोटर दुसऱ्या मोटरने एकसमान वेगाने फिरवता येते. इथे धाव काही सेंटिमीटरांत संपते आणि हाताने ढकललेल्या भागाचा वेग स्थिर राहत नाही. म्हणून ऑसिलोस्कोपवर नोंदलेल्या दोन टोकांमधल्या व्होल्टेजमधून ऑफसेट (भाग स्थिर असतानाही दिसणारे व्होल्टेज) वजा करून त्याचे वेळेनुसार इंटिग्रेशन करावे, म्हणजे वेग गणितातून गळून पडतो आणि केवळ स्थानानुसार बदलणारा फ्लक्स (गुंडाळीशी जोडलेला चुंबकीय प्रवाह) उरतो. त्याच्या कमाल-किमान फरकाचा निम्मा √३ ने भागून, π ने गुणून, ध्रुवांतराने (लगतच्या उत्तर व दक्षिण ध्रुवांमधल्या अंतराने) भागल्यास दर मीटर प्रतिसेकंदामागे फेजचे शिखर व्होल्टेज मिळते. धाव दोन ध्रुवांतरांहून कमी असल्यास मात्र व्होल्टेजला एन्कोडरने (स्थान मोजणाऱ्या संवेदकाने) मोजलेल्या वेगाने भागणेच बरे.