सप्टेंबरात खारीच्या शिकारीला निघताना

बर्फ. यादीत पहिलं हेच लिहा, आणि आदल्या रात्री झोपण्याआधी फ्रीजर उघडून बाटल्या आत आहेत का ते डोळ्यांनी बघा. गेल्या सप्टेंबरात माझं बाकी सगळं जमलं होतं, बर्फ तेवढा राहिला, आणि दुपारपर्यंत मांसाला वास सुटला. एखादा जीव घ्यायचा आणि त्याचं मांस फेकून द्यायचं, याहून वाईट शिकारीत काही नाही. म्हणून ही यादी. ती अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या सप्टेंबरची आहे. हिवाळ्यात जाणाऱ्यांचं सामान वेगळं.

आधी कागद. ओहायोत खारीचा हंगाम १ सप्टेंबरला उघडतो आणि ३१ जानेवारीपर्यंत चालतो, दिवसाला माणशी ६ खारी. पहिलं लायसन्स काढायचं तर हंटर एज्युकेशनचा कोर्स आधी उरका. खासगी रानात जाणार असाल तर मालकाची लेखी परवानगी खिशात हवी. तो फोनवर ‘या की’ म्हणाला असेल, तरी चिठ्ठी घ्याच. ओळखीपाळखीचं रान नसेल तर आग्नेय ओहायोत वेन नॅशनल फॉरेस्ट आहे, झलेस्की स्टेट फॉरेस्ट आहे.

आता एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांनी नीट वाचा. इथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे, आणि चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स हा तिला असलेला अपवाद आहे. तेव्हा लायसन्सची मुदत संपली तर गोष्ट शिकार थांबण्यावर भागत नाही, कपाटातली बंदूकही बेकायदा ठरू शकते. ‘मित्राचीच आहे, मी नुसती धरली होती’ हे ऐकून घेतलं जाईल अशा भरवशावर राहू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या कुणाला नको. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार जवळजवळ बंदच झाली. त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांना घरात बघून आलेली सवय नसते, सगळं इथे येऊनच शिकायचं असतं. यात कमीपणा काही नाही, पण घाई नको.

बंदूक २० गेजची शॉटगन, काडतुसं ६ नंबरच्या छर्ऱ्यांची. पॉइंट टू-टू रायफल अचूक असते, मलाही आवडते, पण सप्टेंबरात झाडं अजून गच्च हिरवी असतात. पानांच्या पलीकडे काय आहे ते दिसत नाही, आणि वर झाडलेली टू-टूची गोळी मैलभराच्याही पुढे जाऊ शकते. शॉटगनने तीसेक यार्डांपलीकडे मारू नका, खार जखमी होऊन ढोलीत शिरते आणि तिथेच मरते. खारींच्या पानांच्या घरट्यावर छर्रे कधीच झाडायचे नाहीत. केशरी टोपी डोक्यावर असू द्या. सप्टेंबरच्या अखेरीस धनुष्यबाणवाले हरणांसाठी झाडावर बसू लागतात, त्यांना तुम्ही दिसायला हवं.

पाणी, चाकू, टॉर्च, फोन. रबरी हातमोजे. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी कपड्यांवर आणि बुटांवर फवारून वाळवा, अंगावर लावू नका. गोचिडींपासून लाइम हा आजार होतो, ही थट्टा नाही.

आणि बर्फ. गाडीतल्या कूलरसाठी दुधाचे रिकामे गॅलनचे कॅन पाण्याने भरून गोठवा, वर दोन बोटं जागा सोडून, नाहीतर फुटतात. हा मोठा बर्फ पेट्रोल पंपावरच्या चुऱ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतो. शिवाय पाठपिशवीत दोन छोट्या गोठवलेल्या बाटल्या, कारण गाडी दोन टेकड्यांपलीकडे असणार आहे. कूलर गाडीत आहे म्हणजे काम झालं, असं नाही.

जागा आदल्या दिवशी हेरून ठेवा. सप्टेंबरच्या सुरुवातीला ओकच्या मागे लागू नका, हिकरी शोधा, अक्रोडाच्या कुळातलं झाड. शॅगबार्क हिकरी लांबूनच ओळखू येते, खोडाची साल लांब पट्ट्यांनी सुटून लोंबत असते. झाड सापडलं की वर नाही, खाली बघा. खार हिरवं फळ दातांनी कुरतडते आणि सालीचे कपचे खाली सोडते. ते उचलून हातात घ्या. आजचा कपचा ओला असतो, आतून फिकट, बोटाला चिकटणारा. कालपरवाचा तपकिरी पडून कडक झालेला असतो. ढीग कितीही मोठा असला आणि सगळा तपकिरी असला तर त्या झाडाखाली सकाळ घालवू नका, खारी पुढच्या झाडावर गेल्या. ताजे कपचे थोडेच असले तरी तिथे बसा. हिकरी संपत आली की बीच आणि पांढरा ओक, पण ते पुढचं. ओहायोचं ‘बकाय स्टेट’ हे टोपणनाव ज्याच्यावरून पडलं त्या बकाय झाडाखाली फळांचा सडा पडलेला दिसेल. त्यावर भुलू नका, ते फळ विषारी असतं आणि खारी बहुतेक सोडून देतात.

दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच पोहोचा, जाड खोडाला पाठ लावून बसा. मग हलू नका. कान उघडे ठेवा, या दिवसांत डोळ्यांपेक्षा कानांचं काम जास्त. वरून कपचे पडायला लागले की पानांवर बारीक टपटप सुरू होते. रात्री पाऊस झाला असेल तर तासभर झाडंच ठिबकत राहतात. तेव्हा फसू नका, ठिबकणं सगळीकडून येतं आणि कपचे एकाच जागी पडत राहतात. वारा नसताना एकच फांदी हलली की नजर तिथे. खार खोडाच्या पलीकडे जाऊन चिकटली तर उठून गोल फिरू नका, तीही तुमच्याबरोबर फिरते. एखादी काटकी तिच्या बाजूला लांब फेका. आवाजाने बऱ्याचदा ती अलीकडे सरकते. जोडीला कुणी असेल तर त्याने तिकडून जायचं, तुम्ही बसून राहायचं, आणि तो नेमका कुठे आहे हे दिसत असल्याशिवाय बंदुकीच्या सेफ्टीला (चाप अडवणाऱ्या खटक्याला) हात लावायचा नाही.

बार झाला, खार पडली, तरी लगेच धावू नका. ती कुठे पडली ते एखाद्या दगडावरून, पडलेल्या ओंडक्यावरून मनात पक्कं करा. सप्टेंबरातल्या झुडपांत करडी खार दोन पावलांवरून दिसत नाही. जखमी असेल तर मात्र लगेच जा, बाकीचं सगळं सोडून. मेलेली असेल तर बसून राहा, दहा-पंधरा मिनिटांत वरच्या दुसऱ्या खारी परत खायला लागतात.

पण इथेच लोभ आवरा. एक आणखी, एक आणखी करत मेलेली खार तासन् तास तशीच पडू देऊ नका. सकाळी गारवा वाटतो आणि त्यानेच माणूस फसतो. दहानंतर ऊन चढतं, दुपारी ८०-८५ फॅरनहाइट सहज होतं, आणि मांस ४० च्या खाली ठेवायचं असतं. पोटात आतडी तशीच, अंगावर केस, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेली खार, म्हणजे वास सुटायला फार वेळ लागत नाही. प्लॅस्टिक नकोच. उठलात की पहिली गोष्ट पोट साफ करा, मग जाळीच्या पिशवीत, आणि ती पिशवी त्या गोठवलेल्या बाटल्यांना लागून. गाडीशी आल्यावर मोठ्या बर्फावर. वितळलेल्या पाण्यात मांस बुडू देऊ नका, त्यासाठी झिपलॉक, पण मांस गार झाल्यावर. येताना वाटेत जेवायला थांबणार असाल तर कूलर सावलीत, आणि बर्फ उरलाय का ते उघडून बघा. उरला नसेल तर तिथल्या तिथे विकत घ्या. चार डॉलरचा विचार करू नका.

सोलणं. हातमोजे घाला, टुलरेमिया या जंतुसंसर्गाचा धोका असतो. सुस्त, आजारी दिसणारी खार मुळात मारूच नका. अंग गरम असताना कातडं सहज सुटतं, गार झाल्यावर चिवट होतं. आधी पाण्याने भिजवा म्हणजे केस मांसाला चिकटत नाहीत. शेपटीच्या बुडाखाली चिरून हाड तोडा, शेपटीवर पाय द्या, मागचे पाय धरून ओढा. कातड्याखाली जाड अळी दिसली तर ती बॉट माशीची. या दिवसांत असते, किळस येते. ती कातड्यालगतच राहते, तेवढा भाग कापून टाका, बाकी मांस चांगलं असतं.

घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये, कडक उष्णतेवर. गोचिडी शोधा: काखा, गुडघ्यांमागे, केसांत. मांस रात्रभर फ्रीजमध्ये मिठाच्या पाण्यात. कोवळी खार तव्यावर होते, जुनी कुकरमध्ये, कांदा-लसूण मसाला घालून. शिजवण्याआधी प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपून छर्रे काढा, पोरं जेवणार असतील तर दोनदा.