माशांच्या खाद्यात अळीचे पीठ: आधी तेल काढा, मग दळा

अळ्या वाळवा, दळा आणि खाद्यातले फिशमील (वाळवलेल्या मासळीचे पीठ) काढून तेवढ्याच वजनाने घाला, असा सल्ला सर्रास मिळतो. तो देणाऱ्याने स्वतः एक पोतेभर खाद्यही बनवलेले नसते. मी हे लिहितोय ते ब्लॅक सोल्जर फ्लाय या ओल्या कचऱ्यावर वाढणाऱ्या कीटकाच्या अळीबद्दल.

अळी पांढुरकी असतानाच काढा. काळपट पडली की ती कोषात जायच्या तयारीत असते आणि तिच्यातले कायटिन, म्हणजे कीटकाच्या कडक कवचातला पदार्थ, वाढलेले असते. ते माशांना नीट पचत नाही. काढलेल्या अळ्या एक दिवस उपाशी ठेवा, मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा, निथळा आणि 60 अंशांच्या आसपास वाळवा.

आता तेल. माझे हात इथेच पोळले. वाळलेल्या अळीत साधारण 25 ते 35 टक्के चरबी असते. पहिल्या खेपेला मी अळ्या तशाच चक्कीत टाकल्या. पीठ पडेना, लगदा झाला आणि चाळणी लिंपून बसली. तरी हट्टाने त्याच्या गोळ्या पाडल्या. पाण्यात पडताच त्या फुटल्या, वर तेलाचा तवंग आला. उरलेले पोते काही आठवड्यांत खवट झाले आणि मासे त्याला तोंड लावेनात.

मग स्क्रू प्रेस, म्हणजे फिरत्या स्क्रूने दाबून तेल काढणारे यंत्र, आणली, तर पहिल्याच दिवशी ती अडकली. चूक यंत्राची नव्हती. या चरबीत खोबरेलासारखेच लॉरिक आम्ल भरपूर असते, त्यामुळे गार झाली की ती थिजते. मी रात्री वाळवलेल्या अळ्या सकाळी गारच प्रेसमध्ये घालत होतो. अळ्या चांगल्या गरम असताना, वाळवणीतून काढल्या काढल्या दाबा. प्रेसही आधी तापवून घ्या. घाई म्हणून गार माल घालणार असाल तर त्या दिवशी काम बंद ठेवलेले बरे.

दुसरी अडचण ओलाव्याची. अळी ओलसर राहिली तर प्रेसमध्ये नुसती घसरते, अति वाळली तर भुगा होऊन तेलात उतरते. अळी बोटांत दाबल्यावर कट्कन मोडावी, पण तिचे पीठ होऊ नये. ओलावा मोजणाऱ्या मीटरपेक्षा माझा या चाचणीवर जास्त भरवसा आहे. निघालेली पेंड पूर्ण गार करा, मग दळा आणि बारीक चाळा. आता पीठ पडते.

मिश्रणाचा हिशोब वजनावर नको, प्रथिनांवर करा. त्यातही एक खोच आहे. प्रयोगशाळा प्रथिने थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणते, पण कायटिनमधला नायट्रोजनही त्यात धरला जातो. या अळीसाठी 4.76 हा गुणक खऱ्याच्या जवळ जातो. म्हणजे कागदावरचे 55 टक्के प्रत्यक्षात 42 च्या आसपास. समजा 100 किलो खाद्यात 60 टक्के प्रथिनांचे 30 किलो फिशमील आहे. त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे साडेसात किलो काढलात, तर साडेचार किलो प्रथिने गेली. ती भरायला अळीचे पीठ जवळपास 11 किलो लागेल. बाकीचे घटक त्या हिशोबाने कमी करा. मेथिओनिन हे माशांना लागणारे अमिनो आम्ल कमी पडते, ते वेगळे घाला.

चौथ्या हिश्श्याच्या पुढे पहिल्या खेपेला जाऊ नका, मग कोणी काहीही सांगो. तिलापिया, कार्प बरेच सोसतात. मांसाहारी माशांना आणि पिल्लांना त्याहून कमीच द्या. माशाचे तेल मात्र काढू नका. ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-3 आम्ले त्यातूनच मिळतात, अळीच्या चरबीत ती जवळपास नसतात.

नवे खाद्य जुन्यात मिसळत आठवडाभरात बदला. त्याआधी मूठभर गोळ्या पेलाभर पाण्यात टाकून पाहा. पाण्यावर तवंग दिसला तर पेंड पुन्हा तापवून प्रेसमधून काढा.