रिझर्व्ह बँकेचा महागाईचा अंदाज कसा पडताळावा

रिझर्व्ह बँकेवरची टीका टिकायची असेल, तर अंदाज कोणत्या तारखेला, कोणत्या तिमाहीसाठी आणि काय गृहीत धरून वर्तवला होता, हे आधी टिपून ठेवावे. व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीच्या प्रत्येक बैठकीनंतरच्या ठरावात तिमाहीवार आकडे मिळतात; कच्च्या तेलाचा भाव, रुपयाचा विनिमय दर यांसारखी गृहीतके सहामाही पतधोरण अहवालात सापडतात. वार्षिक सरासरीवर भिस्त ठेवू नये, कारण एका तिमाहीतील चूक दुसरीतील उलट चुकीत जिरून जाते.

10 फेब्रुवारी 2022 चा ठराव नमुना म्हणून घ्यावा. त्यात 2022-23 साठी 4.5 टक्के महागाई अपेक्षिली होती आणि प्रत्यक्षात ती 6.7 टक्के निघाली. मात्र 24 फेब्रुवारीला युक्रेनवर आक्रमण झाले, तेल भडकले आणि एप्रिलमध्ये बँकेने अंदाज 5.7 टक्क्यांवर नेला. तेव्हा केवळ या तफावतीवरून तिला धारेवर धरणे रास्त नाही. त्याच ठरावातील जानेवारी ते मार्च 2022 या चालू तिमाहीचा आकडा अधिक बोलका आहे. तिमाही निम्मी होत आली असताना अंदाज 5.7 टक्के होता, प्रत्यक्ष आकडा 6.3 टक्के आला. आणि पंपावरचे पेट्रोल-डिझेलचे भाव तर 22 मार्चपर्यंत हललेच नव्हते. ही चूक सगळी युद्धाच्या खात्यावर टाकता येत नाही.

यानंतर सुधारणांची दिशा पाहावी. 2025-26 साठीचा अंदाज फेब्रुवारी 2025 मध्ये 4.2 टक्के होता. पुढे तो 4.0, 3.7, 3.1, 2.6 असा उतरत डिसेंबरमध्ये 2.0 टक्क्यांवर आला. भाजीपाल्याचे भाव हेरणे अवघड आहे हे मान्य. परंतु पाचही वेळा एकाच दिशेने दुरुस्ती करावी लागते, तेव्हा निव्वळ दुर्दैवापेक्षा पद्धतीविषयी शंका घेणे योग्य ठरते. शिवाय अंदाज चढा राहिला की व्याजदर उतरवण्यासही उशीर होण्याचा धोका असतो, आणि त्याची किंमत कर्जदार मोजतो.

उत्तरदायित्वाचा कायदा कागदावर नेटका आहे. महागाई सलग तीन तिमाही 6 टक्क्यांच्या वर किंवा 2 टक्क्यांच्या खाली राहिली, तर रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम 45 झेडएननुसार बँकेने कारणे, उपाय आणि 4 टक्के महागाईचे लक्ष्य गाठण्याचा अपेक्षित कालावधी सरकारला कळवायचा असतो. जानेवारी ते सप्टेंबर 2022 मध्ये ही वेळ आली, 3 नोव्हेंबरला समितीची खास बैठक झाली आणि अहवाल गेला. परंतु तो प्रसिद्ध करण्याची सक्ती कायद्यात नसल्याचे सांगून जनतेपासून दूर ठेवण्यात आला. ब्रिटनमध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरचे असे पत्र खुले असते. ज्या अपयशाचा खुलासा फक्त सरकारच वाचते, त्याला जाब विचारणे म्हणावे का, हा प्रश्न इथे विचारलाच पाहिजे.

असे अहवाल खुले होत नाहीत तोवर वाचकाच्या हाती उरते ते बैठकीनंतर चौदाव्या दिवशी प्रसिद्ध होणारे इतिवृत्त. त्यात प्रत्येक सदस्याचे मत आणि निवेदन असते. असहमत सदस्याचे निवेदन आधी वाचावे. फेब्रुवारी 2022 च्या इतिवृत्तात हे निवेदन जयंत वर्मा यांचे आहे: उदार धोरणात्मक पवित्रा (म्हणजे वाढीला आधार देण्यासाठी पतधोरण सैल ठेवण्याचा कल) कायम ठेवण्याच्या विरोधात त्यांनी एकट्याने मत दिले होते.