कॉयर परदेश दौऱ्यावर न्यायचंय? पडद्यामागची कामं अशी करा

आमचं कॉयर, म्हणजे समूहगानाचा गट, पुण्याचं. ३४ जण, त्यात सहा शाळकरी मुलं, आणि ठरलं ऑस्ट्रिया. गाण्याचं सगळं कंडक्टरनी (गाणं बसवणाऱ्या आणि हाताने लय देणाऱ्या संचालकांनी) बघितलं, बाकी सगळं माझ्याकडे. त्यातून मी एकच गोष्ट शिकले, ती आधीच सांगते: दौऱ्याचं वेळापत्रक गळ्यावरून ठरवायचं, बघायच्या ठिकाणांवरून नाही. विमान, बस, हॉटेल, जेवण, सगळं करताना विचारायचं की याने उद्याचा आवाज कसा राहील.

पहिलं काम तारीख. साल्झबर्गला जुलैच्या शेवटापासून ऑगस्टअखेर मोठा संगीत महोत्सव असतो, १९२० पासूनचा, तेव्हा ३४ जणांना परवडतील अशा खोल्या मिळणं फार अवघड. म्हणून आम्ही जून घेतला. जिथे गायचंय त्या चर्चला नऊ-दहा महिने आधी लिहा, सोबत एक बरं रेकॉर्डिंग आणि गाण्यांची यादी. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फक्त धार्मिक संगीत चालतं, आमचा चार आवाजांत बसवलेला अभंग मिस्सा संपल्यावर गायला परवानगी मिळाली, पण ती आधी मागितली म्हणून. त्याच मेलमध्ये विचारून घ्या की ऑर्गनचा पिच, म्हणजे पट्टी, काय आहे (काही जुने ऑर्गन आजच्या नेहमीच्या ४४० हर्ट्झला लावलेले नसतात), सराव करायला खोली आहे का, उभं कुठे राहायचं, टॉयलेट कुठे आहे. शेवटचा प्रश्न लिहायला लाजू नका, साडी नेसलेल्या १५ बायका असतात.

आता व्हिसा. यात सगळ्यात जास्त वेळ जातो. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे मागायचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण त्या शेवटच्या तारखेवर अजिबात विसंबू नका, कारण निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात आणि कधी ४५ सुद्धा. आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं हेच मोठं काम असतं, त्यातून ३४ जणांची. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी. विमा किमान ३० हजार युरोचा. मुलं आईवडिलांशिवाय येत असतील तर दोघांच्याही सह्यांचं संमतीपत्र. कॉयरच्या लेटरहेडवर एक पत्र द्या की हा सांस्कृतिक दौरा आहे, गाण्याचं मानधन कोणी घेत नाही, आणि खाली सगळ्यांची नावं पासपोर्ट नंबरासकट. कुणी मानधन देणार असेल तर मात्र वकिलातीला आधी विचारा, पैसे घेऊन गाण्याचे नियम वेगळे असतात.

नावांचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. कुणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे, कुणाच्या नाही, लग्न झालेल्या दोघी-तिघींचं आधारवर एक आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचं. त्यामुळे फोनवर नाव विचारून तिकीट काढूच नका, प्रत्येकाकडून पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा आणि तिथलंच स्पेलिंग उतरवा. दहाच्या वर माणसं असली की एअरलाइन ग्रुप बुकिंग देते, त्यात सहसा आधी डिपॉझिट भरून नावं नंतर देता येतात, मुलांच्या परीक्षा-बिरीक्षा असल्या की हे फार उपयोगी पडतं.

पैशाचं थोडक्यात: बजेट युरोत करा, रुपयात नाही, वर दहा टक्के जास्तीचे धरा, आणि कुणी गळालं तर किती पैसे परत मिळणार ते पहिला हप्ता घ्यायच्या आधी लेखी द्या. नंतर नाती बिघडतात.

बसचं प्लॅनिंग मी पहिल्यांदा पूर्ण चुकीचं केलं होतं. रात्री दहाला कार्यक्रम संपणार, अकराला हॉटेल, सकाळी साडेसातला निघायचं, असं लिहिलं आणि बसवाल्यांनी ते तसंच परत पाठवलं. तिकडे ड्रायव्हरला दिवसात साधारण नऊ तासच चालवता येतं, साडेचार तासांनी ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची, आणि दोन दिवसांच्या मधे साधारण ११ तासांची सुट्टी. म्हणजे रात्री अकराला बस लागली तर सकाळी दहाच्या आधी निघता येत नाही, ‘दादा थोडं अ‍ॅडजस्ट करा’ तिथे चालत नाही. आणि खरं सांगू, हा नियम गाणाऱ्यांसाठीच केलाय असं वाटावं इतका चांगला आहे, सगळ्यांची झोप झाली. व्हिएन्ना ते साल्झबर्ग जवळपास ३०० किमी आहे, थांबून चार तास धरा, आणि साल्झबर्गच्या जुन्या शहरात टुरिस्ट बस आत जात नाही, ठरलेल्या टर्मिनलची वेळ ऑनलाइन बुक करावी लागते, तिथून पुढे चालत. खालच्या आवाजात गाणाऱ्या वयस्कर बास मंडळींना हे आधी सांगून ठेवा.

उन्हाळ्यात तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. त्यामुळे पहिले दोन दिवस सगळे पहाटे चारला जागे आणि संध्याकाळी आठला पेंगुळलेले. म्हणून पहिलं गाणं सकाळच्या मिस्साचं ठेवा, रात्रीचा कार्यक्रम तिसऱ्या दिवसानंतर. विमानातली हवा अगदी कोरडी असते, पाणी पीत राहायचं, आणि उतरल्या दिवशी सराव नाही, कितीही उत्साह असला तरी.

बॅगा भरताना कार्यक्रमाचे कपडे आणि गाण्याची फाइल प्रत्येकाने केबिन बॅगेतच ठेवायची. चेक-इन बॅग दोन दिवसांनी आली तरी गाता आलं पाहिजे. पॉवर बँकही केबिनमध्येच. खाऊमध्ये चकली, बाकरवडी, मेतकूट चालतं, पण बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा (आमच्या एका काकूंनी डबा भरून पेढे केले होते, ते निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून खाल्ले). रविवारी ऑस्ट्रियात दुकानं बहुतेक बंद असतात, शनिवारीच ब्रेड, फळं, दही घेऊन ठेवा. ५० सेंट आणि १ युरोची नाणी सोबत लागतात, बऱ्याच ठिकाणी टॉयलेटला पैसे आहेत. तबला-पेटी नेत असाल तर निघताना इथल्या कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, परत येताना प्रश्न येत नाही.

माणसं मोजायची नावाने नाही, नंबरने. प्रत्येकाला १ ते ३४ नंबर, बसमध्ये बसलं की ओळीने मोठ्याने म्हणायचं, अर्ध्या मिनिटात कळतं कोण नाही. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास (उंच ते खालच्या आवाजांचे चार गट) प्रत्येकाचा एक प्रमुख, त्याच्याकडे त्याच्या लोकांच्या औषधांची यादी, विम्याचा हेल्पलाइन नंबर आणि तिकडचा आणीबाणीचा नंबर ११२. विमानतळावर जास्त वेळ धरा, १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत सुरू झालीय.

साल्झबर्गच्या कॅथेड्रलमध्ये, जिथे मोझार्टचा बाप्तिस्मा झाला तिथे, आम्ही आत गेल्यावर आधी एक टाळी वाजवली आणि आवाज विरेपर्यंत गप्प उभे राहिलो. विरायला कितीतरी सेकंद लागले. कंडक्टरनी तिथल्या तिथे लय उतरवली, व्यंजनं जास्त स्पष्ट म्हणायला सांगितली, अभंगातल्या जलद ताना काढून टाकल्या कारण त्या घुमटात एकमेकांत मिसळून नुसता गलका होत होता. यासाठी किमान अर्धा तास चर्चकडे आधीच मागून ठेवा. दगडी इमारत जूनमध्येही आत गार असते, गायला उभं राहीपर्यंत शाल अंगावर.

परत आल्यावर आठ दिवसांत हिशोब सगळ्यांना पाठवा, चर्चला आभाराचं पत्र आणि रेकॉर्डिंग, आणि सगळ्यांच्या व्हिसाच्या प्रती एका फोल्डरमध्ये. व्हिसासाठी दिलेले बोटांचे ठसे ५९ महिन्यांपर्यंत पुन्हा वापरता येतात, पुढच्या दौऱ्याला बऱ्याच जणांची ठसे द्यायला जायची एक फेरी वाचू शकते.